वाचकांचे प्रश्न : पहिल्यांदा पकडले गेल्यानंतर

दारू पिऊन वाहन चालवताना घरातील माणूस पहिल्यांदाच पकडला गेला, आता पुढे काय करावे, अशी विचारणा करणारी तीन पत्रे गेल्या दोन महिन्यांत आली आणि त्याच सुमारास अशा माणसांचे लाड कशासाठी करायचे, असा जाब विचारणारे चौथेही आले. चारही पत्रे एकमेकांशी बोलत असल्यासारखी वाटल्यामुळे या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा सव्वीस वर्षांचा असून नाशिकमध्ये एका कारखान्यात अभियंता आहे. मित्राच्या हळदीहून परत येताना रात्री साडेबाराला नाकाबंदीत पोलिसांनी त्याला थांबवले, यंत्रात फुंकायला लावले आणि आकडा ९२ आला. मोटारसायकल जमा झाली, लायसनही गेले. तो सांगतो की, आठ वाजल्यापासून मिळून दोनच पेग घेतले होते. एका ओळखीच्या गृहस्थांनी ‘थोडे पैसे द्या, कोर्टाची पायरी न चढता मिटवून देतो’ असे सांगितले आहे. मुलाच्या वडिलांचे म्हणणे असे की, दंड भरायचा आणि विषय संपवायचा. माझ्या जिवाला मात्र स्वस्थता नाही. तो रोज पीत नाही, शनिवार-रविवारी पितो. त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावे का? न्यायालय अशा मुलांसाठी काही कार्यक्रम नेमून देते का?

उत्तर : आधी त्या ओळखीच्या गृहस्थांचा विषय संपवू. मोटार वाहन कायद्यातील काही गुन्हे जागेवर तडजोड शुल्क भरून मिटतात, परंतु दारू पिऊन वाहन चालवण्याचा, म्हणजे कलम १८५ चा गुन्हा त्या यादीत नाही. तो न्यायालयातच जातो आणि तिथेच निकाली निघतो. ‘मिटवून देतो’ याचा अर्थ लाच देतो एवढाच आहे. त्यातून मुलाची सुटका होणार नाही, उलट दुसऱ्या गुन्ह्यात तुमचा हात मात्र अडकेल.

शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर ठरली आहे. पहिल्या खेपेला बहुधा दंडावर भागते, तरी वकिलाला बरोबर घेऊन तारखेला हजर राहणे हेच योग्य. लायसनचे प्रकरण वेगळे चालते. पोलिस ते जप्त करून परिवहन कार्यालयाकडे पाठवतात आणि तिथला अधिकारी तुमच्या मुलाचे म्हणणे ऐकून घेऊन ते तीन महिन्यांसाठी निलंबित करू शकतो. निलंबनानंतर लायसन परत मिळण्यापूर्वी उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे, अशीही तरतूद कायद्यात आली आहे, पण ती उजळणी वाहन चालवण्याची आहे. माणूस किती पितो, का पितो आणि पिऊन किल्ली का हातात घेतो, हे विचारणारा नेमका टप्पा आपल्या कायद्याने पहिल्यांदा सापडलेल्यासाठी आखून दिलेला नाही. तुम्ही विचारता तो कार्यक्रम न्यायालयाकडून आपोआप मिळणार नाही, तो घरानेच उभा करावा लागेल आणि तो करण्यासाठी हे तीन महिने फार चांगले आहेत.

आता ९२ या आकड्याकडे, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात ९२ मिलिग्रॅम अल्कोहोलकडे वळू, कारण मला तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच वाटली. आपल्याकडची व्हिस्की किंवा रम साधारणपणे ४२.८ टक्के तीव्रतेची असते, त्यामुळे साठ मिलिलिटरच्या एका लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल येते. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने तेवढे रिकाम्या पोटी घेतले तर रक्तातील प्रमाण चाळीसच्या आसपास पोहोचते, म्हणजे एकाच लार्ज पेगने कायद्याची रेषा ओलांडली जाते. यकृत ते तासाला साधारण पंधराच्या गतीने उतरवते. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, पान यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. आठ वाजता प्यायला बसलेल्या मुलाचा आकडा साडेबाराला ९२ येत असेल, तर मधल्या साडेचार तासांत उतरलेले सत्तरएक धरून तो एकशे साठच्या घरात गेला असता. याचा अर्थ त्याने चारच्या जवळपास लार्ज पेग घेतले असावेत. प्रत्येकाचे वजन, जेवण आणि शरीर निराळे असल्यामुळे हा हिशेब ढोबळच आहे, तरी ‘दोन’ आणि ‘चार’ यांत फरक आहे. तो खोटेच बोलत असेल असे मी म्हणत नाही. हळदीच्या मांडवामागे मित्राने हाताच्या अंदाजाने ओतलेले दोन पेग मापाने चार असणे अगदी शक्य आहे. पण मग आपण किती पितो हे त्याला स्वतःलाच माहीत नाही, आणि कामाला सुरुवात इथूनच होते.

केंद्रात ठेवण्याविषयी सांगायचे तर, तुम्ही वर्णन केले आहे त्यावरून एवढ्यात तरी त्याची गरज दिसत नाही. पिण्याचे प्रमाण तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात आठपासून पुढे गुण आले की पिणे धोक्याच्या पातळीवर गेले असे समजतात, आणि वीस किंवा त्याहून जास्त आल्यास अवलंबित्वासाठी, म्हणजे दारूवाचून चालेनासे झाले आहे का यासाठी, डॉक्टरांकडून सविस्तर तपासणी करून घ्यावी लागते. मधल्या पट्ट्यातल्या माणसाला तीन-चार भेटींचे नेमके समुपदेशन पुरते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात ही तपासणी होते, आणि कुठे जावे हे कळत नसेल तर १४४४६ या शासकीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारता येते. शनिवारी-रविवारी पिणाऱ्या मुलाला महिनाभर पूर्ण व्यसनी माणसांबरोबर नेऊन ठेवले, तर तो बहुतेक वेळा ‘मी यांच्यासारखा नाही’ एवढेच शिकून बाहेर येतो.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत मी अशा मुलांना त्या दिवसाचा तासातासाचा हिशेब कागदावर मांडायला लावते. पाच वाजता कुठे होतास, सात वाजता काय घातलेस, किल्ली कुठल्या खिशात होती, परतताना कोणाबरोबर यायचे ठरले होते. एका मुलाने रात्री अकरापासून लिहायला सुरुवात केली होती, कारण त्याच्या मते चूक तिथे झाली. मी त्याला पुन्हा संध्याकाळी सहापासून लिहायला सांगितले. लिहीत लिहीत तो ‘साडेसात : रिक्षा मिळेल का बघायचे होते, पण म्हटले गाडीच काढू’ या ओळीवर आला आणि पेन खाली ठेवून बसला. रात्री बाराला गाडीजवळ उभे राहून ‘चालवू की नको’ हे ठरवणारे डोके आधीच दारूत भिजलेले असते, त्याच्याकडून शहाणपणाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. ज्या संध्याकाळी प्यायचे आहे त्या संध्याकाळी गाडी घरातून निघता कामा नये, आणि हे ठरवायचे ते पहिल्या घोटाच्या आधी. तुमच्या मुलाबरोबर एवढा एकच नियम लेखी ठरला, तरी पुष्कळ काम झाले असे समजा. जाताना कोणाबरोबर जायचे, परतताना रिक्षाचे किती होतील, रिक्षा न मिळाल्यास कोणाकडे मुक्काम करायचा, इथपर्यंत ते बारकाईने लिहिलेले असावे. नंतरचे चार आठवडे त्याने प्रत्येक पेग मोजून वहीत मांडावा आणि ती वही तुम्हाला नव्हे, समुपदेशकाला दाखवावी.

दंड त्यानेच आपल्या पगारातून भरावा, हे कृपया त्याच्या वडिलांना माझ्या वतीने सांगा. तुमच्या गळ्याची शपथ घ्यायला लावू नका आणि घाईघाईने माळही घालायला लावू नका. ज्याने मनापासून घातली त्याच्यासाठी माळ मोठा आधार असते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. पण आईच्या रडण्याला भिऊन घातलेली माळ पुढच्या लग्नाच्या मोसमात खिशात जाते, आणि मग पिण्यावर लपवण्याचीही भर पडते.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना ‘समुपदेशन’ द्या, ‘सुधारण्याची संधी’ द्या असे लेख वाचले की संताप येतो. पुण्यात दोन जीव गेल्यावर निबंध लिहायला सांगितला होता, ते आम्ही विसरलेलो नाही. सरळ तुरुंगात टाकावे, हाच खरा कार्यक्रम नव्हे काय?

उत्तर : गुरुजी, तुमचा संताप मला परका नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. मद्यपान करून भरधाव मोटार चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला त्याच दिवशी जामीन देताना बाल न्याय मंडळाने अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध, पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम आणि दारू सोडण्यासाठी समुपदेशन अशा अटी घातल्या. लोकक्षोभानंतर तीन दिवसांत आदेश बदलला आणि मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली, पण तोपर्यंत ‘समुपदेशन’ हा शब्द महाराष्ट्रात थट्टेचा झाला होता. या विषयात काम करणाऱ्या आम्हा सर्वांचे त्या एका आदेशाने किती नुकसान केले, हे सांगून कळणार नाही. परंतु तिथे माणसे मेली होती, आणि मी बोलते आहे ते कोणाला ओरखडाही न येता नाकाबंदीत सापडलेल्या माणसाविषयी. निष्काळजी वाहन चालवून कोणाचा जीव घेतलेल्याला परिवीक्षेची, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याची, सवलत सहजासहजी मिळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने दलबीरसिंग विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात २००० सालीच बजावले आहे, आणि माझेही मत त्याहून वेगळे नाही.

नाकाबंदीत सापडलेला माणूस जास्तीत जास्त सहा महिन्यांनी बाहेर येणार आणि पुन्हा त्याच रस्त्यावर गाडी चालवणार, म्हणून प्रश्न एवढाच उरतो की, तो पुन्हा पिऊन चालवू नये यासाठी नेमके काय उपयोगी पडते. एलिझाबेथ वेल्स-पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून १९९५ साली निष्कर्ष काढला की, सुधारणा-कार्यक्रम घेतलेल्यांत पुन्हा तोच गुन्हा करण्याचे प्रमाण सात ते नऊ टक्क्यांनी कमी होते. हा आकडा मोठा नाही, हे मी लपवत नाही. नुसते वर्गात बसवून माहिती देण्यापेक्षा शिक्षण, समुपदेशन आणि नंतरचा पाठपुरावा अशी तिन्ही अंगे जोडली, तर परिणाम अधिक चांगला होतो, असे त्यात दिसले. लायसन काढून घेण्याचा उपयोग होतोच, पण तो कार्यक्रमाची जागा भरून काढत नाही. दोन्ही बरोबर हवेत. अपघातात मुलगा गमावलेल्या आईला गुन्हेगारांसमोर बोलायला बसवण्याची अमेरिकेतील पद्धत ऐकताना काळीज हलवते, पण तिचा पुढच्या वागणुकीवर स्पष्ट परिणाम होतो असे न्यू मेक्सिकोतील अभ्यासात आढळले नाही. श्वासात दारू असेल तर इंजिनच सुरू होऊ न देणारे यंत्रही गाडीत बसवले आहे तोवर चांगले काम करते, काढल्यावर त्याचा गुण ओसरतो. डोळ्यांत पाणी येणे आणि सवय बदलणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

ब्रिटनमध्ये न्यायालय अशा माणसाला किमान बारा महिने वाहनबंदी करते आणि किमान सोळा तासांचा पुनर्वसन वर्ग त्याने स्वतःच्या पैशाने पूर्ण केला, तर त्या बंदीतला जास्तीत जास्त चतुर्थांश काळ कमी होतो. मला ही पद्धत पटते, कारण शिक्षा जागेवर राहते आणि सवलत कमवावी लागते. आपल्याकडे हैदराबादच्या वाहतूक पोलिसांनी गोशामहल येथील प्रशिक्षण केंद्रात पकडलेल्या चालकाला घरच्या माणसासह समुपदेशनाला बोलावण्याचा पायंडा पाडला. बायकोच्या किंवा वडिलांच्या शेजारी बसून ते ऐकताना माणसाची जी अवस्था होते, ती पाहिली तर हे लाड आहेत असे तुम्ही म्हणणार नाही.

महाराष्ट्रातही यासाठी नवा कायदा करावा लागेल असे नाही. १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाच्या चौथ्या कलमानुसार न्यायालय दोषी व्यक्तीला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडू शकते आणि त्या बंधपत्रात मादक पदार्थांपासून दूर राहण्याची अट घालू शकते, असे त्या कलमात शब्दशः आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन गैरवर्तन करणाऱ्यासाठी समाजसेवा ही शिक्षा म्हणून मान्य केली आहे. पिऊन गाडी चालवणाऱ्याला मात्र ती अद्याप लागू नाही. रस्त्यात गोंधळ घालणाऱ्यासाठी जे शहाणपण कायद्याला सुचले, ते चाकामागे बसलेल्यासाठी का सुचू नये, हा प्रश्न तुमच्यासारख्या माणसाने आपल्या आमदारांना पत्र लिहून जरूर विचारावा.

प्रश्न : आम्ही तासगाव तालुक्यातील आहोत. माझे मालक टेम्पो चालवतात, भाजी आणि हंगामात द्राक्षे नेतात. पहाटे मार्केटला जाताना ते पकडले गेले आणि आता लायसन तीन महिने बंद आहे. ते म्हणतात, ‘मी त्या वेळी प्यायलोच नव्हतो, रात्री क्वार्टर घेतली होती, ती तर रोजचीच.’ घरात पैसा येणे थांबले आहे. शेजारणीने एक पुडी दिली आहे, ती चहातून दिली की दारूची किळस येते म्हणे. देऊ का? आणि दीर म्हणतात, जबरदस्तीने केंद्रात टाकू.

उत्तर : ताई, ती पुडी देऊ नका. त्यात काय आहे हे तुम्हाला माहीत नाही आणि बहुधा शेजारणीलाही माहीत नसेल. अशा पुड्यांमध्ये कधीकधी डायसल्फिराम नावाचे औषध मिसळलेले असते. ते पोटात असताना माणूस प्याला तर चेहरा लाल होतो, छातीत धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो आणि हृदयाचा त्रास असेल तर जीवही जाऊ शकतो. हेच औषध डॉक्टर देतात तेव्हा तपासण्या करून, रुग्णाला सगळे समजावून आणि त्याच्या संमतीने देतात, ‘मी हे घेतले आहे, आता मला पिता येणार नाही’ हे त्याला ठाऊक असणे हाच त्या उपचाराचा गाभा आहे. नकळत दिलेल्या औषधाने किळस बसत नाही, बसतो तो बायकोवरचा अविश्वास.

तुमचे मालक खोटे बोलत नसावेत. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, त्यात साठ ग्रॅमच्या वर अल्कोहोल येते. साठ किलोच्या माणसाने नऊ ते अकरा या वेळेत तेवढे संपवले, तर पहाटे पाच वाजताही रक्तात तीसच्या आसपास शिल्लक राहू शकते, आणि क्वार्टरच्या पुढे घोटभर जरी गेले असेल तरी आकडा रेषेच्या वर जातो. झोप झाली म्हणजे उतरली, ही चालकांमधील समजूत फार घातक आहे. पहाटेच्या फेरीवाल्यांनी तर रात्रीच्या दारूचा हिशेब पहाटेपर्यंत मांडायला हवा.

परंतु ‘रोजचीच’ हा शब्द मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वर नाशिकच्या ताईंना मी केंद्राची गरज नाही असे लिहिले. तुमच्या बाबतीत तसे लिहिता येत नाही. सकाळी हात थरथरतात का, घाम येतो का, एक दिवस मिळाली नाही तर झोप लागत नाही का, हे पाहा. असे होत असेल तर त्यांना अचानक पूर्ण बंद करायला लावू नका, कारण रोज पिणाऱ्या शरीराची दारू एकाएकी तुटली तर फिट येऊ शकते, माणूस भ्रमिष्टासारखा बरळू लागतो, आणि ही तातडीने रुग्णालयात नेण्याची वेळ असते. सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडवा. दिरांनी सांगितलेली जबरदस्ती कायद्यात बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूशी संबंधित आजारही येतात, आणि स्वतःचा निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाला हातपाय धरून कोंडता येत नाही. त्यांच्या मनाची तयारी झाली तर पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून दारू सोडवण्याचेच काम करते आहे, आणि अनेक गावांत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठका फुकट चालतात. घरच्यांसाठी अल्-अनॉनच्या बैठका वेगळ्या असतात, तिथे तुम्ही स्वतः जा.

लायसन बंद असताना ‘जवळच तर जायचे आहे’ म्हणून टेम्पो काढू देऊ नका, कारण अपात्र ठरवलेल्या काळात वाहन चालवणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे. टेम्पो भाड्याने चालवायला भरवशाचा दुसरा चालक मिळत असेल, तर निम्मे का होईना उत्पन्न चालू राहील. तोवर मालकांनी भरणी-उतरणीचा आणि बाजारातल्या पट्ट्यांचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदांचा, व्यवहार सांभाळावा. चाकामागे न बसताही त्यांचा धंदा त्यांच्याच हातात आहे, हे त्यांना दिसणे औषधाइतकेच गरजेचे आहे.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. मुलगा एकोणतीस वर्षांचा, कॅलिफोर्नियात एच-वन बी व्हिसावर नोकरी करतो. ऑफिसच्या पार्टीहून येताना तो पकडला गेला, प्रमाण ०.११ निघाले. वकिलाने तीन महिन्यांचा वर्ग करावा लागेल असे सांगितले आहे. त्याच्या आईचे म्हणणे, हे सगळे सोडून त्याला दिवाळीला घरी बोलावून घ्यावे. असे वर्ग म्हणजे व्यसनी माणसांचे केंद्र असते का?

उत्तर : तसे नसते. कॅलिफोर्नियात प्रौढ चालकासाठी मर्यादा ०.०८ टक्के आहे, म्हणजे आपल्या हिशेबात शंभर मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम. ती आपल्यापेक्षा सैल आहे, आणि तरीही तुमचा मुलगा तिच्या बराच वर गेला. पहिल्या गुन्ह्यासाठी, प्रमाण ०.२० च्या आत असेल तर, राज्याने परवाना दिलेल्या संस्थेतील तीन महिन्यांचा, तीस तासांचा कार्यक्रम लागतो. ०.२० किंवा अधिक असते तर तोच नऊ महिने आणि साठ तासांचा झाला असता. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी जायचे, दारूचा शरीरावर आणि वाहन चालवण्यावर होणारा परिणाम शिकायचा, गटात बसून स्वतःविषयी बोलायचे आणि समुपदेशकाला एकट्याने भेटायचे, असे त्याचे स्वरूप असते. त्याची नोकरी, घर, जेवणखाण सगळे चालू राहते. गटात शेजारी सुतार असेल, डॉक्टर असेल, कॉलेजातला मुलगा असेल. आपल्या मुलांना पहिल्या दोन बैठकांत फार लाज वाटते, आणि तिसरीत इंग्रजीतून का होईना, ते बोलू लागतात. कार्यक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र वाहन विभागाकडे गेल्याशिवाय लायसनचा मार्ग मोकळा होत नाही, त्यामुळे बैठका बुडवू नयेत.

काही बाबींत वेळ गमावून चालणार नाही. अटकेच्या वेळी हाती दिलेल्या निलंबनाच्या नोटिशीविरुद्ध वाहन विभागाकडे सुनावणी मागायला फक्त दहा दिवस असतात. ते त्याच्या वकिलाने साधले का, हे आजच विचारा. न्यायालय साधारणपणे तीन ते पाच वर्षांची परिवीक्षा ठेवते आणि त्या काळात ०.०१ एवढ्या अल्प प्रमाणातही गाडी चालवता येत नाही, म्हणजे एका बिअरनंतरही नाही. पुढच्या दहा वर्षांत पुन्हा असे घडले तर ते दुसऱ्यांदा घडले असे धरले जाते.

आता दिवाळीचे. दारू पिऊन वाहन चालवल्याबद्दल अटक झाली, तर खटल्याचा निकाल लागण्याआधीही अमेरिकेचा परराष्ट्र विभाग पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतो. २०१५ पासून त्यांचे तसे धोरण आहे. व्हिसा रद्द झाल्याने तिथे राहण्याचा आणि नोकरीचा हक्क लगेच जात नाही, पण तो एकदा देशाबाहेर पडला की परतण्यासाठी नवा व्हिसा लागतो, त्यासाठी मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत आणि त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडून दारूविषयक तपासणी करून घ्यावी लागते, आणि त्यात किती दिवस जातील हे कोणीही लिहून देत नाही. म्हणून व्हिसा रद्द झाल्याचा ई-मेल आला आहे का, हे त्याने स्पॅमसकट सगळी खाती उघडून पाहावे आणि इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय तिकीट काढू नये. त्याच्या आईला भेटायचेच असेल तर या दिवाळीला फराळाचा डबा घेऊन तिने तिकडे जावे, आणि तो मंगळवारी संध्याकाळी वर्गाला निघाला की कुठे चाललास असे विचारू नये.